अर्धा उंचवटा

"गाडी इथंच राहू दे, मिस्त्री. किल्ली तुमच्याकडं ठेवा. आईनं मागितली तरी द्यायची नाही."

इंद्रजित सरनाईकांनी किल्ली टेबलावर ठेवली. ज्यांना ती द्यायची नव्हती त्या आक्कासाहेब त्यांच्या मागं दोन पावलांवरच उभ्या होत्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, डोळ्यांवर काळा चष्मा.

"मी बहिरी नाही झाले अजून," त्या म्हणाल्या. "तेवढं एक राहिलंय."

"आई, आपलं ठरलंय ना?"

"ठरलंय की. मी कुठं काय म्हणाले?"

माझे सासरे हात पुसत उभे होते. मी त्यांना मामा म्हणते, बाकी सगळं उद्यमनगर दत्तोबा मिस्त्री म्हणतं. इंद्रजित त्यांना म्हणाले, "रविवारी दहा वाजता पुण्याचं गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला. तोवर धुऊन पुसून ठेवा. बाकी काही करायचं नाही. तुम्ही तर सांगितलंच, गाडीत काही दोष नाही म्हणून."

"न्हाईच," मामा म्हणाले. "दोनदा मशीनवर चढवली. चारी चाकं सुतात हायत."

"मग झालं तर. दोष गाडीत नाही तर..." इंद्रजितनी वाक्य अर्धवट सोडलं आणि आईकडं न बघता फोन कानाला लावून बाहेर गेले.

गुरुवार होता. म्हणजे मधे दोन दिवस.

गाडी वर्कशॉपच्या दारात उभी होती. बाटलीच्या काचेसारखी हिरवी, दोन सीटांची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार. आक्कासाहेबांच्या वडिलांनी घेतलेली. वयाच्या अठराव्या वर्षापासून त्या ती चालवत होत्या आणि आता त्या सत्तरीच्या होत्या. दर गुरुवारी गगनबावडा रस्त्यानं कळे गावाच्या पुढं त्यांच्या गुऱ्हाळावर जायचं, काहिलीतल्या गुळाचा रंग बघायचा आणि परत यायचं, हा त्यांचा नेम. रस्त्यावरची पोरं गाडी ओळखून हात करायची.

तीन महिन्यांपूर्वी आईच्या सत्तरीची भेट म्हणून इंद्रजितनी ती गाडी आमच्याकडं आणली. नवा रंग, नवी कातडी सीटं, आणि वर एक हट्ट: "दोन इंच खाली बसवा, मिस्त्री. जमिनीला चिकटून पळताना दिसली पाहिजे." मामांनी स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच खाली घेतली, अलाइनमेंट करून दिली. दिसायला ती खरंच देखणी झाली होती. दबा धरून बसलेल्या मांजरीसारखी.

आणि तेव्हापासून आक्कासाहेबांच्या हातात ती सरळ जाईना. महिन्याभरात दोनदा झाडाजवळ वाचल्या. मागच्या आठवड्यात समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॉलीला उजवा आरसा घासून गेला. वीतभर अंतर. घरी सगळे एकच म्हणाले, आता वय झालं.

मामा किल्ली खिशात घालून आत गेले. आक्कासाहेब माझ्याजवळ आल्या. मी तेव्हा स्पार्क प्लग घासत बसले होते आणि माझ्या डोक्यावर, छताच्या कैचीला टांगलेल्या लुगड्याच्या झोळीत आठ महिन्यांची रमा झोपली होती. लेथ चालू असला की ती झोपायची आणि बंद झाला की उठायची. वर्कशॉपमधले सगळे तिला सुपरवायझर म्हणायचे.

"काय नाव ठेवलंस?"

"रमा."

"किती शांत आहे गं. माझा इंद्रजित रडून रडून गल्ली गोळा करायचा." त्यांनी झोळीला बोट लावलं, हलवलं नाही. "तू हर्षदा ना? शिकलेली आहेस म्हणे यातलं."

"डिप्लोमा झालाय. मेकॅनिकल."

"मग प्लग काय घासतेस?"

मी हसले. उत्तर लांब होतं. बाळंतपणाआधी मी मामांबरोबर पिटमधे उतरायचे. लग्न ठरवताना मामांनी पोहे खाता खाता मला 'कॅस्टर म्हणजे काय' असं विचारलं होतं आणि मी उत्तर दिल्यावर मुलाला न विचारताच होकार कळवला होता. पण परत आले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एका जीपच्या चाकाचा नट हातानं फिरवलेला तसाच राहिला. आवळलाच नाही. मामांनी जाण्याआधी तपासलं म्हणून निभावलं. ते ओरडले नाहीत. प्रेमानं म्हणाले, "जागरणं हायत, पोरी. वर्षभर डोकं ठिकाणावर येत न्हाई बाईचं. तवर बसून करायची कामं कर." त्या प्रेमापुढं मी प्लग घासायला घेतले. शिवाय नट तर खरंच राहिला होता.

"आक्कासाहेब, एक विचारू? गाडी नेमकी काय करते?"

त्यांनी चष्मा काढला. तीन महिन्यांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. म्हणजे 'तुम्हाला काय होतं' असं सगळ्यांनी विचारलं असेल. गाडीबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

"उडी मारते. उजवीकडं."

"सारखी?"

"सारखी कशाला? ओढत असती तर मी दुसऱ्या बाजूला धरलं असतं की. सरळ जाते, जाते, आणि मधेच कुणीतरी चाकाला टपली मारावी तशी उजवीकडं जाते. लगेच परत जागेवर येते. पण तेवढ्यात समोरून ट्रॉली आली की संपलं."

"स्पीडब्रेकरवर?"

"नाही. तेच तर. इंद्रजित मला शेजारी बसवून बायपासला घेऊन गेला. रस्ता तुपासारखा. मग कॉलनीतल्या सहा स्पीडब्रेकरांवरून नेली. एकदा हलली नाही. मला म्हणाला, बघ. मी बघितलं."

"आणि गुऱ्हाळाच्या रस्त्यावर?"

"तिथं सीझनमधे ट्रॉल्यांनी डावी बाजू दाबून टाकलीय. कडेला डांबराचे वरंबे आलेत. डावं चाक त्यावर चढतं..."

"फक्त डावं?"

"उजवं कसं चढेल? ते रस्त्यावर असतं."

माझ्या हातातला प्लग खाली पडला. मामांनी लेथमागून मान वर करून बघितलं.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या सरांनी एक तास फक्त या एका गोष्टीवर घालवला होता आणि वर्गातल्या पस्तीस मुलांना झोप आली होती. मला आली नव्हती. चाकाला जागेवर धरून ठेवणारे आर्म वेगळे आणि चाक वळवणारी टाय रॉडची दांडी वेगळी. चाक वर-खाली होतं तेव्हा दोघांनी एकाच तालात झुलायला हवं. ताल चुकला तर स्टिअरिंग कुणी हलवलं नसतानाही चाक स्वतःहून वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर दोन्ही सारखीच आत वळतात, एकमेकांना अडवून धरतात, आणि गाडी सरळ जाते. बसणाऱ्याला काही कळत नाही. पण एकच चाक चढलं तर अडवणारं कुणी नसतं; डावं आत वळलं की गाडी उजवीकडं.

अर्ध्या उंचवट्यावर कुणी बघितलंच नव्हतं.

"आक्कासाहेब," मी म्हणाले, "घरी जा. रविवारी नऊला या. दहाला नको, नऊला."

"किल्ली द्यायची नाही म्हणालाय तो."

"किल्ली कुठं मागितलीय मी?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चष्मा घातला आणि गेल्या.

मामांना सांगणं सोपं नव्हतं. आमच्या घरात चाक नवं नाही. मामांचे वडील बैलगाडीची चाकं करायचे, लोखंडी धाव तापवून बसवायचे. मामा दोरी लावून गाडी सरळ करायला शिकले ते बाराव्या वर्षी. मशीन आलं तेव्हाही त्यांनी पहिले सहा महिने मशीन खरं बोलतंय का हे दोरीनं तपासलं होतं. त्यांनी केलेली गाडी परत आली असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

"मामा, मला हिरवी गाडी एक दिवस पिटवर पाहिजे."

"कशाला? धुवायची हाय फक्त."

"पुढच्या स्प्रिंगा काढून बघायचंय."

लेथ चालू होता म्हणून त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटलं. मग त्यांनी तो बंद केला. झोळीतून लगेच कुरकुर सुरू झाली.

"मी घातलेल्या स्प्रिंगा काढनार तू?"

"परत घालणार की. तशाच. स्प्रिंगांत दोष नाही. तुमच्या अलाइनमेंटमधेही नाही. गाडी उभी असते तेव्हा ती सरळच आहे."

"मग?"

"उभी असते तेव्हा, मामा."

त्यांनी पुसायचं फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "म्हाताऱ्या मानसाचा हात हलतो, हर्षदा. त्यात लाजायचं काय न्हाई. माझाबी हलतोय. परवा दाढी करताना कापलं."

"त्यांचा हात हलतोय तर गाडी डावीकडंपण जायला पाहिजे ना कधीतरी? दर वेळी उजवीकडंच? आणि दर वेळी डावं चाक चढल्यावरच?"

रमा आता मोठ्यानं रडत होती. मी तिला झोळीतून काढून खांद्यावर घेतलं. मामा गाडीकडं बघत होते. त्यांचा चेहरा मी ओळखते. खोटं बोलणारं इंजिन ऐकताना ते असाच चेहरा करतात.

"नट राहिला हुता त्या जीपचा," ते म्हणाले.

"राहिला होता."

"हितं काय राहिलं तर म्हातारी मरंल."

"म्हणूनच म्हणतेय. आत्ता जशी आहे तशी राहिली तर कोण मरेल? पुण्याचा माणूस?"

त्यांनी रमाकडं बघितलं. मग लेथचं बटण दाबलं. रमा माझ्या खांद्यावर हळूहळू गप्प झाली.

"उद्या सकाळी घे पिटवर," ते म्हणाले. "पन हरेक नट मी बघनार."

"बघा की."

शुक्रवारी सकाळी मी गाडी स्टँडवर घेतली, पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढल्या आणि डावं चाक उतरवलं. चाकाच्या जागी एक सरळ फळी बोल्टांनी आवळली. फळीच्या पुढच्या टोकाला एक पेन्सिल, मागच्या टोकाला एक पेन्सिल. दोन्ही पेन्सिलींच्या समोर एकेक पुठ्ठा उभा केला आणि त्यावर गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं पाठमोरी चिकटवली. मग आर्मखाली जॅक लावून फळी सावकाश वर न्यायची. चाक वर जाताना सरळ राहिलं तर दोन्ही पेन्सिली सारखीच रेघ काढतील. जुळ्या बहिणींसारखी.

मधे मधे रमा. साडेदहाला दूध, मग तिला मांडीवर घेऊन पिटच्या पायरीवर बसायचं, डोळे मात्र पुठ्ठ्यावर. हात ग्रीसचे म्हणून आधी साबणानं, मग बेसनानं धुवायचे. पुसले की परत काळे करायचे. त्या दिवशी सहा वेळा धुतले. मला अजून आठवतं, सहाव्या वेळी ती दूध पिता पिता माझ्या करंगळीवरच्या काळ्या रेघेकडं टक लावून बघत होती. आता ती सहा वर्षांची आहे आणि तिला माझे हात स्वच्छ दिसले की विचारते, आज कामाला गेली नव्हतीस का.

दुपारी बाराला दोन्ही कागद तयार झाले. मी ते सोडवले, तोंडाला तोंड लावून खिडकीच्या उजेडात धरले.

रेघा जुळत नव्हत्या. खालच्या भागात, जिथं गाडी पूर्वी बसायची तिथं, एकीवर एक होत्या. तिथून वर गेल्या की फाटायला लागायच्या. गाडी खाली घेतली म्हणजे तिच्या मानानं चाक वर गेलं. आणि दोन इंच वर, आता गाडी जिथं बसते तिथून पुढं, पुढची पेन्सिल सरळ आत वळलेली, नदीच्या वळणासारखी. फरक पाच-सहा मिलिमीटरचा. रस्त्यावर तेवढ्यात माणूस जातो.

"मामा."

ते आले. चष्मा कपाळावरून खाली घेतला. कागद माझ्या हातातून घेतले, उजेडात धरले, खाली केले, परत धरले.

"ही रेघ कुनी काढली?"

"गाडीनं."

"तुझा हात लागला असंल."

"तुम्ही काढा."

त्यांनी खरंच काढली. माझ्याकडून नवे कागद घेतले, स्वतः चिकटवले, उजवीकडचं चाक काढलं, फळी बसवली. मी फक्त पेन्सिलीला टोक करून दिलं. जॅकचा दांडा ते इतका सावकाश दाबत होते की मला श्वास रोखून बसावं लागलं. कागद सोडवून त्यांनी स्वतःच खिडकीत धरले. उजव्या चाकाची रेघ डाव्या चाकाच्या रेघेची आरशातली बहीण होती.

मामा पिटच्या कडेला बसले. पाय खाली सोडून, लहान मुलासारखे.

"मी गाडी दोन इंच खाली घेतली," ते म्हणाले. "दोन इंच खाली घेतलं तर सगळंच हलनार. बैलगाडीचं जू खाली घेतलं तर बैलाची चाल बदलती. माझ्या बापाला ठाव हुतं हे."

"तुम्हालाही ठाऊक होतं."

"ठाव असतं तर बघितलं असतं." मग थोड्या वेळानं, "म्हातारीला मी सांगितलं, गाडी सुतात हाय. तिच्या तोंडावर सांगितलं. दोनदा."

त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि उठले. "सांग. काय करायचं?"

या आधी त्यांनी मला कधी हे विचारलं नव्हतं. म्हणजे परीक्षा घेतल्यासारखं विचारलं होतं, उत्तर स्वतःला माहीत असताना. हे तसं नव्हतं.

"एक तर गाडी परत वर घ्यायची."

"इंद्रजितला ती खालीच पायजे. आनि खरं सांगू, मलाबी खालीच आवडती."

"मलापण. मग स्टिअरिंगची रॅक वर उचलायची. खाली पॅकिंग घालून. दांडी आणि आर्म परत एका तालात येतील."

"किती उचलायची?"

"ते रेघच सांगेल."

तीन मिलिमीटरचं पॅकिंग मामांनी लेथवर काढलं. घातलं, रेघ काढली. बरी झाली, पण फाटत होतीच. मग सहा. सहाला रेघ उलट्या बाजूला झुकली. मामा म्हणाले, "बघ, ऐकायला लागली." शनिवारी दुपारी साडेचारचं घातलं, टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर कल, नव्यानं जुळवला, स्टिअरिंगचा दांडा कुठं घासतो का ते दोघांनी बघितलं. कागद खिडकीत धरले. दोन रेघा नव्हत्याच. एकच होती.

"असू दे भिताडावर," मामा म्हणाले आणि कागद माझ्या हातातून घेऊन गेले.

स्प्रिंगा परत चढवल्या. मी आवळत गेले आणि मामा माझ्या मागून एकेक नट तपासत आले. शेवटच्या दोन नटांना त्यांनी पाना लावला नाही. विसरले असतील असं वाटलं. विसरणारा माणूस नाही तो.

रविवारी नऊला आक्कासाहेब आल्या, त्यांच्यामागं इंद्रजित. ते कंटाळलेले दिसत होते. "धुतली का?" त्यांनी विचारलं.

"धुतली," मामा म्हणाले. मग आमच्या दारात, शेजारच्या पत्र्याच्या दुकानातली दोन माणसं चहा पीत उभी असताना, ते आक्कासाहेबांच्या समोर गेले. "आक्कासाहेब, चूक माझी हुती. गाडी खाली घेताना जे बघायचं ते मी बघितलं न्हाई. तुमचा हात बरोबर हुता."

चहा पिणाऱ्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. दत्तोबा मिस्त्रीच्या तोंडून असलं वाक्य उद्यमनगरात कुणी ऐकलं नव्हतं.

आक्कासाहेबांनी मान डोलावली. एवढंच.

इंद्रजित म्हणाले, "म्हणजे? मी स्वतः चालवून बघितली होती."

"सगळ्या स्पीडब्रेकरवरून सरळ नेली," मी म्हणाले. "आता नुसतं डावं चाक चढवून बघा. गुऱ्हाळाच्या रस्त्याला. आणि त्यांना चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा."

"दहाला माणूस यायचाय."

"तासाभराचं काम आहे."

ते आईकडं बघत राहिले. मला वाटलं नाही म्हणतील. मग त्यांनी मामांच्या पुढं हात केला, किल्ली घेतली आणि आईच्या तळहातावर ठेवली.

त्या गेल्या. मी रमाला भरवत बसले. मामा दारात उभे होते आणि दर पाच मिनिटांनी पाणी प्यायला आत येत होते. पुण्याचा माणूस सव्वादहाला आला. चांगला सभ्य माणूस होता. मामांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. गाडी कुठं आहे म्हणाला तर मामा म्हणाले, "फिराय गेलीया."

पावणेअकराला लांबून आवाज आला. गाडी दारात येऊन थांबली. आक्कासाहेबांचे केस पार विस्कटले होते. शेजारची सीट रिकामी होती.

"इंद्रजित कुठायत?" मी विचारलं.

"येतोय रिक्षानं. मधे म्हणाला, आता मी चालवतो. मी म्हटलं, उतर." पुण्याच्या माणसाकडं बघून त्यांनी नमस्कार केला. "माफ करा हं. गाडी विकायची नाही. तुमचा प्रवास फुकट गेला. जेवून जा आमच्याकडं, तांबडा-पांढरा केलाय."

तो माणूस हसला. गाडीला एक प्रदक्षिणा घातली, बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "तुमच्या जागी असतो तर मीही विकली नसती."

आक्कासाहेब मला म्हणाल्या, "बस."

"मी? रमा आहे..."

"दे हिकडं," मामा म्हणाले. रमाला त्यांनी माझ्या कडेवरून काढून घेतलं. "जा. तुझी गाडी हाय. मान्साला आपलं काम बघाय नको?"

रंकाळ्याला वळसा घालून आम्ही बाहेर पडलो. पुढं ऊस, दोन्ही बाजूंनी. त्या वेगानं चालवत होत्या पण उगाच नाही. पुढं रस्त्याची डावी कड उठली. त्यांनी मुद्दाम डावं चाक त्यावर घातलं. गाडी उचलली, बसली आणि सरळ गेली. दुसरा वरंबा आला, तोही तसाच. वारा बोलू देत नव्हता.

गुऱ्हाळाच्या फाट्याच्या अलीकडं चिंचेखाली त्यांनी गाडी थांबवली.

"हर्षदा, इंद्रजितवर रागावू नकोस."

"मी कशाला रागावू?"

"गुरुवारी तू त्याच्याकडं ज्या नजरेनं बघत होतीस ती मी बघितलीय." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पुण्याला फोन मी केला होता. त्यानं नाही. तो तर म्हणत होता, असू दे गॅरेजमधे, विकू नको. किल्लीपण मीच त्याला काढून घ्यायला लावली. म्हटलं, मी मागितली तरी देऊ नको."

मी सीटवर त्यांच्याकडं वळून बसले.

"तीन महिने, हर्षदा. आरशासमोर हात असे पुढं धरायचे आणि बघत बसायचं, थरथरतात का. थरथरायचेसुद्धा. इतका वेळ कुणीही धरले तरी थरथरतील, हे नंतर कळलं. पण तेव्हा मला पटलं होतं. लोक म्हणाले त्याचं काही नाही गं. लोक म्हणतातच. मला पटलं होतं, हे वाईट."

समोरून एक ट्रॉली गेली. उसाचा वास आला, आणि डिझेलचा.

मी माझ्या हातांकडं बघितलं. त्या जीपच्या नटापासून मीसुद्धा रोज, झोपताना, दिवसभरात काय काय विसरले याची मनात यादी करायचे. कधीकधी काहीच विसरलेलं नसायचं, तरी करायचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आक्कासाहेबांनाही सांगितलं नाही. पण त्या माझ्याकडंच बघत होत्या.

"उतर," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"काही नाही झालं. इकडं ये. या बाजूला. मी तिथं बसते."

"आक्कासाहेब, नको. ही गाडी तुमच्याशिवाय कुणी..."

"इंद्रजितला दिली नाही, तुला देतेय. ये लवकर, सीट गरम आहे तोवर."

मी बसले. स्टिअरिंग पातळ होतं, लाकडी, मधल्या कांबीला अंगठ्यानं घासून झालेला खळगा. पाय पोचायला सीट थोडी पुढं घ्यावी लागली. क्लच जड होता. पहिल्यांदा गाडी बंद पडली आणि आक्कासाहेब दुसरीकडं बघून हसल्या. दुसऱ्यांदा निघाली.

तिसऱ्या गिअरला मला तिचं वजन कळलं. चाळीसला ती हलकी झाली. पुढं रस्ता सरळ, समोर एक ट्रॅक्टर, अजून लांब. डाव्या कडेला ट्रॉल्यांनी उठवलेला एक मोठा वरंबा, त्या रस्त्यावर मी बघितलेल्या सगळ्या वरंब्यांपेक्षा मोठा. चुकवायला उजवीकडं भरपूर जागा होती.

"चुकवणार आहेस?" आक्कासाहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले आणि डावं चाक त्यावर चढवलं.